बावन्न आठवड्यांतले अठ्ठेचाळीस

मी सोलापूरजवळच्या कुंभारीत राहतो. अक्कलकोट रस्त्याने शहर मागे टाकले की थोड्या वेळाने एकसारख्या घरांच्या रांगाच रांगा दिसू लागतात. ती आमची वसाहत. विडी वळणाऱ्या बायकांची. आज मला जे सांगायचे आहे ते या घरांपैकी एका घराबद्दल आहे, आणि त्या निमित्ताने एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाबद्दल. वर्षभरात एखादे मोठे काम पुरे करायचे असे माणूस ठरवतो आणि बहुतेक वेळा ते पुरे होत नाही. का होत नाही? आणि ज्यांचे होते, ते काय करतात?

आधी वर्ष म्हणजे कुठले वर्ष, ते ठरवू. माझ्याच घरात चार वर्षे नांदतात. भिंतीवरचे कॅलेंडर ३१ डिसेंबरला संपते. बँकेचे वर्ष ३१ मार्चला. शेजारच्या पद्मशाली काकूंचे पाडव्याला उजाडते. आमचे हिजरी वर्ष मोहरमला सुरू होते आणि इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लवकर संपते, त्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यात येतो तर कधी थंडीत. पण अम्माचे वर्ष या चारांपैकी एकही नव्हते. तिचे वर्ष गड्ड्याला संपायचे. सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. संक्रांतीच्या सुमारास आमच्याकडे सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक निघते, अक्षता सोहळा होतो आणि होम मैदानावर पाळणे, दुकाने, तमाशे यांचा बाजार बसतो. तो गड्डा. सोलापुरातला हिंदू असो, मुसलमान असो, तेलुगू बोलणारा असो की कानडी, 'गड्ड्याच्या आधी' आणि 'गड्ड्यानंतर' या दोन शब्दांत तो अर्धे व्यवहार ठरवतो.

२००४ च्या जानेवारीत गड्डा उठला, पाळण्यांचे खांब उतरवले जात होते, तेव्हा अम्माने जाहीर केले, ''घर का हिस्सा अगले गड्डे के पैले पूरा होना.''

हिस्सा म्हणजे काय, तेही सांगतो. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली होती. गोदूताई म्हणजे १९४५ च्या वारली उठावाच्या गोदूताई, 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिणाऱ्या. माजी आमदार नरसय्या आडम, ज्यांना सगळे सोलापूर आडम मास्तर म्हणते, त्यांच्या पुढाकाराने दहा हजार घरांची ही योजना आखली गेली. हिशेब असा, की घराचा खर्च साठ हजार. त्यातले वीस हजार केंद्र सरकारचे, वीस हजार राज्याचे आणि वीस हजार त्या बाईचे. घर बाईच्या नावावर. भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या बायकांना 'तुझ्या नावावर' हा शब्दच नवा होता.

वीस हजार ही आज काही जणांना एका मोबाइलची किंमत वाटेल. विडीच्या मापाने ती मोजून पाहा. विडी वळण्याचे माप हजार. सकाळी उठायचे, रात्रभर ओल्या फडक्यात दाबून ठेवलेली तेंदूची पाने काढायची, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घ्यायचे, पानावर तंबाखू पसरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची, तोंड मुडपायचे. पंचवीस विड्यांचे एक बंडल, चाळीस बंडलांचे हजार. मग ते घेऊन कारखान्याला जायचे. तिथे तपासणी होते. ज्या विड्या नापास होतील त्यांना छाट म्हणतात. छाटीची मजुरी नाही. पाने खराब निघाली, कमी भरली, तरी हजार तो हजारच. मग कमी पडलेली पाने पदरच्या पैशाने बाजारातून आणायची.

मजुरीचा दर दर काही वर्षांनी बदलत गेला. हिशेबाला सोपे जावे म्हणून आपण हजारामागे पन्नास रुपये धरू. वीस हजार म्हणजे मग चार लाख विड्या. रोज हजार, एकही दिवस सुट्टी नाही आणि एकही पैसा पोटात घालायचा नाही, तरी चारशे दिवस. म्हणजे एका वर्षात न बसणारी गोष्ट. अम्माला हे कागदावर मांडता आले नसते, कारण ती शाळेत गेलेली नव्हती. पण तिने आधीच्या काही वर्षांत थोडे थोडे करून बराच हिस्सा साठवला होता. उरले होते सात हजार दोनशे. तेवढेच तिने त्या वर्षात उचलले.

पहिला मुद्दा मला इथे दिसतो. नवे वर्ष लागले की माणूस उत्साहात येतो, हे खरे आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी यावर एक निबंध प्रसिद्ध केला. आठवड्याचा पहिला दिवस, महिन्याची सुरुवात, वर्षाची सुरुवात, वाढदिवसानंतरचे दिवस, अशा वेळी लोक व्यायामशाळेत जास्त जातात, वजन कमी करण्याची माहिती जास्त शोधतात, असे त्यांना आढळले. जुना 'मी' मागे राहिला, आता नवा 'मी', असे मनाला वाटते. वाटू द्यावे. पण त्या उत्साहात आपण चारशे दिवसांचे काम तीनशे पासष्ट दिवसांत बसवतो, आणि वर एक नव्हे, पाच संकल्प सोडतो. अम्माला काय काय हवे नव्हते? शिवणयंत्र हवे होते. मोडलेल्या पाटल्या पुन्हा करायच्या होत्या. चष्मा लावायला हवा होता. तिने त्या वर्षी एकच गोष्ट ठरवली, आणि बाकीच्यांना 'नंतर' म्हटले. हे 'नंतर' म्हणणे ऐकायला सोपे आहे. कारण ज्यांना 'नंतर' म्हणायचे त्यांत मीही होतो.

तेव्हा मी चौतिशीत होतो. एका छापखान्यात प्रुफे वाचत होतो. अब्बांची गिरणी कधीच बंद पडली होती, अब्बाही राहिले नव्हते. माझ्या पगारावर घर चाले आणि अम्माच्या विड्यांवर अडीअडचण. कविता लिहीत होतो. सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले होते. ते विशीच्या उंबरठ्यावर पाहिले आणि आपल्या घरात दखनी, गल्लीत तेलुगू-कानडी आणि वहीत मराठी असण्यात ओशाळण्यासारखे काही नाही, हे तिथे कळले. तर, चौदा वर्षांत वह्या भरल्या होत्या आणि आता संग्रह काढायचा होता. मराठीत पहिला कवितासंग्रह बहुधा कवीच्या खिशातूनच निघतो, हे उघड गुपित आहे. मला सात-आठ हजार लागणार होते. अम्माच्या पोस्टाच्या पासबुकात ते होते. मी उसने मागितले. 'वर्षात फेडतो' म्हणालो.

ती पाने कापत होती. कात्री थांबली नाही. म्हणाली, ''तेरी किताब बरस भर ठैरती, बेटा. मेरा घर नै ठैरता.''

मला लागले. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. आज सांगताना वाईट वाटते ते याचे, की ती बरोबर होती म्हणून नव्हे, तर तिला माझ्या कवितेचे मोल कळत नाही असे मी मनात ठरवून टाकले म्हणून. (किताब बरसभर नव्हे, सात वर्षे थांबली. तिने काही बिघडले नाही, उलट निम्म्या कविता मीच पुढे काढून टाकल्या.)

आता तिची रीत. सात हजार दोनशे. वर्षाला बावन्न आठवडे. मी शहाणपणाने सांगितले, आठवड्याला एकशे चाळीस पुरतील. ती म्हणाली, ''दीडशे.'' मी म्हटले, मग जास्त होतील. तिने मान हलवली. बावन्न आठवडे असतात, पण बावन्न मिळत नाहीत, असे तिचे म्हणणे. एक आठवडा ईदचा. एक कुणाच्या तरी लग्नाचा. एक आजारपणाचा. एक पावसाळ्यातला, पानांना बुरशी येते तेव्हाचा. चार गेले. राहिले अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस गुणिले दीडशे. तुम्ही करून पाहा. मी कागदावर केले, तिने बोटांवर आणि बंडलांवर. बरोबर सात हजार दोनशे येतात.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका लेखात मी कॅनडातल्या एका अभ्यासाविषयी वाचले आणि मला ते अठ्ठेचाळीस आठवले. तिथल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारले गेले होते, की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आले चौतीस दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी साडेपंचावन्न. गंमत पुढेच आहे. 'सगळे काही बिघडले तर किती लागतील?' असेही विचारले होते. त्याचे सरासरी उत्तर एकोणपन्नासच्या आत होते. म्हणजे सगळे बिघडेल असे धरूनही माणसे कमीच धरतात. १९९४ सालचा हा अभ्यास. त्याच्याही पंधरा वर्षे आधी, १९७९ मध्ये, डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोघांनी या खोडीला नाव दिले होते. मराठीत आपण नियोजनाचा भ्रम म्हणू. भ्रम यासाठी, की योजना आखताना आपण फक्त कामाकडे पाहतो. मागच्या वेळी काय काय आडवे आले, ते आठवत नाही. अम्माला मात्र तेवढेच आठवत होते. तिच्या आयुष्यात काम नेहमी सारखेच होते, हजार विड्या. बदलत असे ते आडवे येणे.

दुसरी गोष्ट तिने केली ती दिवसांना नावे दिली. सोमवार, मंगळवार, बुधवार हे तीन दिवस भिंतीचे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार पोटाचे. दिवसाला पन्नास धरले तर तीन दिवसांचे दीडशे. बुधवारच्या विड्या वळताना ती म्हणे, आज दाराची चौकट झाली. कारखान्यातून आठवड्याचा पगार हातात आला, की घरी यायच्या आधीच पोस्टात जायची. घरी आणून मग उरले तर ठेवू, असे नाही. घरी आलेला पैसा कधी उरतो का? पोस्ट बंद असेल तर पैसे शेजारच्या काकूंकडे ठेवायची, माझ्याकडे नाही. हेही मला लागले होते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी याच गोष्टीवर आयुष्य घालवले आहे. नुसते 'मी हे करीन' म्हणणे वेगळे आणि 'अमुक वेळी, अमुक जागी, अमुक झाले की मी हे करीन' म्हणणे वेगळे, असे ते दाखवतात. १९९७ च्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितले होते, की नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली ते दोन दिवसांत लिहून पाठवा. निम्म्यांना फक्त तेवढेच सांगितले. उरलेल्यांना कधी आणि कुठे बसून लिहिणार तेही आधी ठरवायला लावले. ज्यांनी वेळ आणि जागा ठरवली त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांशांनी लिहिले, बाकीच्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी. दोघांची इच्छा सारखीच होती. फरक एवढाच, की एका गटाला बसायची जागा माहीत होती. म्हणजे आमच्याकडच्या भाषेत, सोमवार भिंतीचा आहे हे माहीत होते.

वर्ष कसे गेले? मे महिन्यात मावशीकडचे लग्न निघाले, एक आठवडा गेला. जुलैत पाऊस लागून राहिला, पाने काळी पडली आणि एकाऐवजी दोन आठवडे कोरडे गेले. ऑगस्टमध्ये तिला ताप आला. चार आठवडे ऑगस्टातच संपले आणि ईद अजून यायचीच होती. त्या वर्षी दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि ईद लगेच दोन-तीन दिवसांनी. एकाच आठवड्यात शेजारून आम्हाला फराळाचे ताट आणि आमच्याकडून त्यांना शीरखुर्मा. आठवडा सुंदर होता, पण पासबुकात शून्य. त्याआधी रमजानच्या शेवटच्या दिवसांत रोजे धरून हजार होईनात, तो आणखी एक आठवडा. सहा आठवडे गेले. म्हणजे दोन आठवडे, तीनशे रुपये अंगावर.

दिवाळीचा बोनस आला होता की, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हटले. पण बोनस तिने सुरुवातीपासून हिशेबात धरलाच नव्हता. जो पैसा येईल की नाही, किती येईल, हे दुसऱ्याच्या हातात, त्यावर चौकट बसवायची नाही. तो ईदच्या कपड्यांत गेला, आणि तिने जाऊ दिला. वर्षभर घरातल्यांना 'नंतर' म्हटले होते, त्यांचेही काही देणे असते. तेव्हा मला ते उधळपट्टी वाटले. आता वाटते, तो एक आठवडा नसता तर आम्हीच तिच्या घराचे वैरी झालो असतो.

मग डिसेंबर. गड्ड्याला महिना राहिला आणि तीनशे कमी. तिने रोज हजारावर दोनशे वाढवले. तीस दिवस, सहा हजार विड्या, तीनशे रुपये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते, की खाणे जसजसे जवळ येते तसतसा उंदीर वेगाने धावतो. माणसांचेही तसेच. शेवट दिसू लागला की हात आपोआप चालतो. वर्षाचा शेवट माणसाला कामाला लावतो, तो यामुळे. आपले अनेकांचे अख्खे वर्ष जानेवारीचा उत्साह आणि डिसेंबरची धावपळ यांच्यामध्ये हरवते, तेही यामुळेच.

पण इथे मी थांबतो, कारण उंदराच्या प्रयोगात एक गोष्ट नसते. धावणाऱ्याच्या शेजारी कोण बसले आहे, ते.

ते वरचे दोनशे अम्माने एकटीने वळले नाहीत. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. संध्याकाळी ती आजीच्या शेजारी बसून विड्यांची तोंडे मुडपायची. पोरींची बोटे बारीक असतात, काम झरझर होते. विडीच्या घरात हे इतके नेहमीचे असते, की कुणी त्याला काम म्हणत नाही, 'हात लावते' म्हणतात. मी प्रुफे घेऊन शेजारीच बसलेला असायचो. मी पाहत होतो. सहामाहीपर्यंत वर्गात पुढे असलेली मुलगी वार्षिक परीक्षेत गणितात जेमतेम उत्तीर्ण झाली. तिने कधी तोंडातून काढले नाही. आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळी घरात कुणाला मोठ्याने बोलू देत नाही. मी गेलो की मलाही नाही. मी समजतो.

आणि अम्माचा चष्मा. 'नंतर' म्हटलेल्या गोष्टींत तो होता. रात्रीच्या दिव्याखाली ते दोनशे वळून तिच्या डोळ्यांचे जे झाले, ते पुढे चष्म्याने पुरे सुधारले नाही.

म्हणून 'एकच ध्येय धरा, बाकी सोडा' असे सांगणारी पुस्तके मी हाती घेतो तेव्हा मला विचारावेसे वाटते, बाकी म्हणजे कोण? एकट्या माणसाचे वर्ष एकट्याचे नसते. ध्येय ठरवताना त्याची किंमत कोण देणार, हे त्या माणसाला विचारून ठरवावे. अम्माने मला विचारले नसते तरी चालले असते, मी थोर झालो होतो. बाराव्या वर्षाच्या मुलीला आम्ही कुणीच विचारले नाही.

जानेवारी २००५. गड्डा भरायला आठवडा होता तेव्हा शेवटचा भरणा झाला. मी सोबत गेलो होतो. पावती घेतली, चार घडी करून तिने ती पिशवीत ठेवली. मला वाटले, आज काहीतरी गोडधोड होईल. घरी आली, हातपाय धुतले आणि उद्यासाठी पाने भिजत घातली.

घर काही लगेच मिळाले नाही. तिच्या हातात फक्त हिस्सा होता. सिमेंट, मंजुऱ्या, रस्ते, पाणी, हे तिच्या हातात नव्हते. हा फरक तिला पक्का माहीत होता, म्हणून 'गड्ड्याच्या आधी घर' असे ती कधी म्हणाली नाही, 'हिस्सा' म्हणाली. वर्षाच्या मुदतीला आपल्या हातातलीच गोष्ट बांधावी. दुसऱ्याच्या हातातली गोष्ट बांधली की वर्षअखेरीला माणूस स्वतःला उगाच नापास करतो. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग सोलापूरला आले आणि या वसाहतीचा सोहळा झाला. गर्दीत उभी राहून अम्माने काय पाहिले असेल, मला माहीत नाही. तिच्या नजरेला व्यासपीठ दिसलेच नसणार. पण घराच्या दाराला हात लावला तेव्हा चौकटीवरून तिने बोटे फिरवली. बुधवारची चौकट.

पुढे याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर योजना आली. ९ जानेवारी २०१९ रोजी तिची पायाभरणी झाली आणि पहिल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतर १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. मधली पाच वर्षे. त्या पाच वर्षांत किती घरांत किती सोमवार भिंतींचे झाले असतील, याची मोजदाद कुठल्या कागदावर नाही. यंत्रमागावरचे, काच-पत्रा वेचणारे, फेरीवाले, शिलाई करणारे, सगळे आता आमचे शेजारी आहेत.

माझे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगतो. बी.ए. अर्धवट सोडलेले होते. २००५ साली मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पण मी अम्मासारखे एका वर्षात मावेल तेवढेच पाहायचे ठरवले. चार आठवडे आधीच वजा केले. सोमवार ते बुधवार प्रुफे संपल्यावर छापखान्यातच तासभर थांबायचो, कारण घरी गेलो की वाचन होत नाही हे मला पोस्टाच्या धड्यावरून कळले होते. २००८ साली पदवी मिळाली. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मिळालेल्या पदवीचा नोकरीला उपयोग झाला नाही. मला झाला.

यंदा मी पुन्हा एक वर्ष बांधून घेतले आहे. अम्मा आता ऐंशीच्या घरात आहे. विड्या वळताना ती गुणगुणायची. तिच्या आईकडून आलेली, जात्यावरची दखनी गाणी. आमच्या भागावर विजापूरच्या आदिलशाहीची सत्ता होती, आणि तिथल्या सूफींच्या परंपरेतली चक्कीनामे बायका दळताना म्हणत. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने १९७८ च्या आपल्या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिले आहे. मराठी ओव्यांचे नशीब मोठे. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. माझ्या अम्माची गाणी गोळा करायला कुणी आले नाही. मी कवी म्हणवतो, चाळीस वर्षे तिच्या शेजारी बसलो आणि मीही केली नाहीत. आता तिला कालचे आठवत नाही, परवाचे आठवते, आणि परवाचेही हळूहळू निसटते आहे. हे काम 'नंतर' म्हणण्यासारखे राहिलेले नाही.

तर गड्ड्याच्या आधी, जेवढी तिच्या ओठांवर उरली आहेत तेवढी सगळी गाणी लिहून काढायची. अठ्ठेचाळीस गुरुवार. असरच्या नमाजनंतर एक तास. मोबाइल तिच्या उशाशी ठेवतो आणि वही माझ्या मांडीवर. ती झोपलेली असेल तर उठवायचे नाही, मागच्या गुरुवारचे ध्वनिमुद्रण ऐकून उतरवायचे. तिला ताण येईल असे काही विचारायचे नाही. या वेळी किंमत कोण देतो आहे, याकडे लक्ष ठेवून आहे.

एकतीस आठवडे झाले. त्यांतले सव्वीस हाती लागले, पाच गेले. चारांची सवलत संपून एक आठवडा अंगावर आला आहे. वहीत एकशे बारा गाणी आहेत.

गेल्या गुरुवारी तिने एक गाणे म्हटले. ते मी एप्रिलमध्येच लिहिले होते. पण शब्द वेगळे होते, दोन ओळी नव्या होत्या, एक गळली होती. मी वही चाळून म्हटले, ''अम्मा, ये हो गया है. पैले बोल्या था तू. कौनसा सही है?''

तिने डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, ''दोनों लिख. छाट नक्को निकाल.''

मी एकशे तेरा आकडा घातला.